काळा दात

मागच्या महिन्यात रत्नागिरीजवळच्या एका गावात दाततपासणीच्या शिबिराला गेले होते. मी डॉक्टर नव्हे. माझी पीएचडी दातांच्या औषधांच्या इतिहासावर आहे, त्यामुळे मी आपली कोपऱ्यात वही घेऊन बसलेली. चार वर्षांच्या एका मुलीच्या दुधाच्या दातांना कीड लागली होती. डॉक्टरांनी आईला सांगितलं की मशीन नको, इंजेक्शन नको, ब्रशने एक औषध लावू, कीड थांबेल. फक्त किडलेला भाग काळा पडेल, तो काळाच राहील. आई म्हणाली, "नको हो, मुलीची जात, काळा दात कसा दिसेल?" शेजारी बसलेली आजी म्हणाली, "काळ्याचं काय एवढं? माझ्या सासूबाईंचे सगळे दात काळे होते. मुद्दाम केलेले."

मी सरसावून बसले. कारण आजी सांगत होत्या ते दातवण. मशेरी नव्हे हं, ती भाजलेली तंबाखू. दातवण म्हणजे हिराकस, मायफळ, हिरडा अशा जिनसांची पूड. घरोघरची कृती वेगळी, पण तत्त्व एकच: हिराकसातलं लोह आणि मायफळा-हिरड्यातला तुरटपणा एकत्र आले की काळा रंग तयार होतो. जुनी काळी शाईसुद्धा अशीच बनायची. सवाष्ण बायका दातवण लावत आणि काळे दात शोभेचे मानले जात.

आता जपानकडे चला. तिथे हीच चाल 'ओहागुरो' नावाने होती. लोखंडाचा कीस आंबवून केलेलं पाणी आणि झाडावरच्या गाठींची तुरट पूड, म्हणजे आपल्या मायफळाचीच भावंडं. 1870 साली मेइजी सरकारने सरदार घराण्यांना दात काळे करायला बंदी केली आणि 1873 मध्ये सम्राज्ञी पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली. चाल मग हळूहळू ओसरली.

आणि शिबिरातलं ते औषधही जपानचंच! ओसाका विद्यापीठात मिझुहो निशिनो यांनी 1969 साली प्राध्यापक यामागा यांच्या हाताखाली ते आपल्या डॉक्टरेटच्या प्रबंधात मांडलं. (प्रबंधातून इतकं काही निघू शकतं, हे वाचून मला जरा धीर आला.) नाव सिल्व्हर डायअमाईन फ्लोराइड. चांदीचे क्षार किडीवर लावणं जुनंच होतं. बोस्टनचे पर्सी हाऊ 1917 पासून चांदीचा असाच एक द्राव वापरायला सांगत होते. निशिनोंनी त्याला फ्लोराइडची जोड दिली. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दाताला परत कडक करतं. काळेपणा येतो तो चांदीचा, आणि किडलेल्या भागावरच बसतो. चांगला दात पांढराच राहतो.

फ्लोराइडची गोष्टही डागापासूनच सुरू होते, बघा. 1901 मध्ये फ्रेडरिक मॅके हा दंतवैद्य अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला आला, तर गावकऱ्यांच्या दातांवर तपकिरी डाग. पण त्या डागाळलेल्या दातांना कीड कमी. कारण सापडायला 1931 उजाडलं: पाण्यातलं फ्लोराइड. आपल्याकडे मात्र फ्लोराइडची ओळख झाली ती दुखण्यातून. 1937 मध्ये नेल्लोर भागात पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं वाकलेली माणसं डॉक्टरांनी नोंदवली. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत हा त्रास आजही आहे. त्यामुळे कुणी "फ्लोराइड नको" म्हणालं तर मी हसत नाही. फरक मात्र समजून घ्या. पिण्याच्या पाण्यात लिटरला 1.5 मिलिग्रॅम ही आपली वरची मर्यादा, कारण ते पाणी माणूस रोज, जन्मभर पितो. हे औषध कितीतरी तीव्र असतं, पण एखादा थेंब, तोही बहुधा वर्षातून दोनदा, दातापुरता.

एक गोष्ट शिबिरात डॉक्टर सगळ्यांना सांगत होते, ती इथेही लिहिते. कीड म्हणजे लगेच खड्डा नव्हे. आधी हिरडीलगत खडूसारखा पांढुरका डाग दिसतो. दातातले क्षार निघून चाललेले असतात, पण वरचा थर अजून शाबूत असतो. तेव्हाच फ्लोराइडचं वॉर्निश लावलं आणि फ्लोराइडच्या पेस्टने दात घासले, तर ते क्षार परत बसू शकतात. त्यात काळं काहीच होत नाही. आपण मुलांना नेतो ते दाढ ठणकायला लागल्यावर.

त्या मुलीच्या बाबतीत ती वेळ गेली होती. बराच वेळ सासू-सुनेची कुजबुज चालली. शेवटी आई म्हणाली, मागच्या दाढांना लावा, पुढच्या दाताचं ह्यांना विचारून सांगते. डॉक्टरांनी ओठाला व्हॅसलीन लावलं, दाढा कापसाने कोरड्या केल्या, मिनिटभर ब्रश फिरवला. मुलगी रडलीसुद्धा नाही.

आजींना मी दातवणाची कृती विचारली. जिनसा सांगितल्या, प्रमाण आठवेना. तुमच्याकडे कुणा पणजीच्या वहीत प्रमाणासकट लिहिलेलं असेल, तर मला जरूर कळवा.