गवत कापणाऱ्या गाडीचं वय

इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर साउथपोर्ट नावाचं शहर आहे. तिथे लॉनमोअरचं, म्हणजे गवत कापायच्या यंत्राचं, एक संग्रहालय आहे. आपल्याकडे हे सांगितलं की लोक आधी हसतात. गवताला विळा पुरतो, त्याचं संग्रहालय कशाला? पण ज्या देशात १९७३ साली वेस्ट ससेक्समधल्या विजबरो ग्रीन या खेड्यातल्या मंडळींनी स्वस्तातली मोटारशर्यत म्हणून लॉनमोअरवर बसून शर्यती सुरू केल्या आणि १९९० साली जुन्या लॉनमोअरच्या शौकिनांचा क्लब निघाला, त्या देशाला या यंत्राचं हसू येत नाही.

या यंत्रांपैकी ज्यांवर माणूस बसतो त्यांच्याविषयी मला बोलायचं आहे. असं एखादं गंजकं धूड समोर आलं तर ते कुठलं, कोणत्या सालचं, हे ओळखायचं कसं? आणि ओळखल्यावर त्याचं करायचं काय? दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे.

यंत्राचा जन्म कापडगिरण्यांच्या मुलखात झाला. ग्लॉस्टरशायरमधल्या स्ट्राउडजवळ थ्रप या गावी एडविन बडिंग नावाचा कारागीर होता. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव एकसारखी छाटायला पात्यांचा फिरता रूळ वापरत. लव छाटणारं यंत्र गवतही छाटेल, असं बडिंगच्या डोक्यात आलं. १८३० साली त्याने पेटंट घेतलं आणि १८३२ साली इप्सविचच्या रॅन्सम्स कंपनीने त्याच्याकडून यंत्रं बनवण्याचा परवाना घेतला. त्याआधी साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ लांब दांड्याच्या विळ्याने पहाटे, दव असताना कापावी लागे. बडिंगच्या नावावर पुढेमागे सरकणाऱ्या जबड्याच्या पान्याचा एक सुरुवातीचा नमुनाही आहे. म्हणजे आजचा मेकॅनिक जुनं लॉनमोअर खोलायला बसतो तेव्हा पुष्कळदा त्याच्या हातातलं हत्यार आणि समोरचं यंत्र एकाच माणसाच्या डोक्यातून आलेलं असतं.

हे यंत्र माणसाने ढकलायचं. १८४०च्या दशकात स्कॉटलंडमधल्या आर्ब्रोथ गावच्या अलेक्झांडर शँक्सने ते तट्टाला जुंपलं. हिरवळीवर खुरांचे ठसे उमटू नयेत म्हणून तट्टाच्या पायांत चामडी बूट घालत. मागून चालणाऱ्या माणसाच्या पायांत काय होतं, याची नोंद ठेवावीशी फारशी कुणाला वाटली नाही. मग वाफ आली. लँकेशायरमधल्या लेलँड गावच्या जेम्स सम्नरने १८९३ साली वाफेच्या लॉनमोअरचं पेटंट घेतलं. यंत्र जड, वाफ धरायला वेळ लागायचा. ते फार काळ टिकलं नाही. पण याच सम्नरने १८९६मध्ये भागीदारीत जी कंपनी काढली तिची पुढे लेलँड मोटर्स झाली आणि तिच्याच सहकार्यातून १९५५ साली मद्रासला अशोक लेलँड हे नाव आलं. घाटात आपल्यापुढे धूर सोडत चढणाऱ्या ट्रकचा एक पूर्वज गवत कापत होता, हे मला भारी आवडतं.

१९०२ साली रॅन्सम्सने पेट्रोलवर चालणारं लॉनमोअर बाजारात आणलं. पाती बेचाळीस इंच रुंद, आणि चालवणाऱ्याला बसायला आसन. सुरुवातीच्या गिऱ्हाइकांत बोर्नव्हिलचे कॅडबरी होते, आपल्या कारखान्याच्या क्रीडांगणासाठी. इंजिनाला घोड्यासारखं थांबायचं कारण नव्हतं आणि त्याच्या वेगाने दिवसभर चालणं माणसाला जमणारं नव्हतं. म्हणून त्याला बसवलं. या आसनात चैन नव्हती. त्यावर यंत्राचा मालक बसत नसे, मैदानावरचा नोकर बसे. पुढे इंग्लंडमध्ये अॅटको, डेनिस अशा कंपन्यांच्या यंत्रांना मागून जोडायचं सुटं आसन मिळू लागलं. रुळावर बसवलेली छोटी बैठकच ती, यंत्रामागे ओढली जाणारी. बर्मिंगहॅमच्या अॅटकोने १९२१ साली पहिलं मोटारचं लॉनमोअर काढलं. अॅटलस चेन कंपनी या नावाचा तो संक्षेप.

आसनावर मालक बसला तो मुख्यतः अमेरिकेत, दुसऱ्या महायुद्धानंतर. शहराबाहेर घरं झाली, प्रत्येक घरापुढे हिरवळ, आणि ती कापायला नोकर नाही. १९४६ साली इंडियाना राज्यात व्हील हॉर्सची सुरुवात झाली, १९६१ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरने पिवळ्या-पांढऱ्या रंगातला कब कॅडेट काढला, १९६३ साली जॉन डिअरने ११० नावाचा सात अश्वशक्तीचा बागेतला ट्रॅक्टर आणला. जॉन डिअर आपल्याला परका नाही. पुण्याजवळ सणसवाडीला त्याचा कारखाना आहे आणि हिरव्या बॉनेटचा, पिवळ्या चाकांचा ट्रॅक्टर आपल्या रस्त्यांवर रोज दिसतो. हे ११० म्हणजे त्याचं धाकटं भावंड. ऑफिसातून आलेला माणूस शनिवारी त्यावर बसून अर्धा एकर कापायचा आणि स्वतःला शेतकरी समजायचा. नोकराची जागा ती हौशीची जागा झाली.

आता ओळखण्याविषयी. पहिली खूण ओतीव भागांवरची. जुन्या कंपन्या आपलं नाव किंवा भागाचा क्रमांक बिडातच ओतत, आणि रंग उडाला तरी ती अक्षरं राहतात. दुसरी खूण इंजिनाची. अमेरिकन ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन इंजिनाच्या पत्र्याच्या टोपणावर आकडे ठोकलेले असतात. त्यातला सांकेतिक क्रमांक ७२०४१५ असा सुरू होत असेल तर इंजिन १९७२च्या एप्रिलच्या पंधरा तारखेला बनलं. इतकी स्पष्ट जन्मतारीख आमच्या पिढीतल्या निम्म्या लोकांकडे नसेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी घातली तीच आमची. पण इथेच नवशिका फसतो. तारीख इंजिनाची असते, गाडीची नव्हे. इंजिन जळलं की लोक दुसरं बसवतात.

म्हणून तिसरी खूण बघायची, बोल्टचे आटे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं प्रमाण सुचवलं, पंचावन्न अंशांच्या कोनाचं, आणि ब्रिटिश यंत्रं शंभरहून अधिक वर्षं त्यावर चालली. नंतरचे अमेरिकी-ब्रिटिश एकत्रित आटे आणि मेट्रिक आटे साठ अंशांचे. आपल्याकडे जुने फिटर बोल्ट सुतात मोजतात, चार सुती, सहा सुती. त्यांना ही गंमत लगेच कळेल. एकाच यंत्रावर दोन जातींचे आटे निघाले की समजावं, मध्ये कुणाचा तरी हात लागला आहे. चौथी खूण रंगाची. ती आसनाखाली, पितळी पट्टीच्या मागे, जिथे ऊन पोचलं नाही अशा जागी शोधायची. पॉलिशपेपर ओला करून एक लहान गोल हलक्या हाताने घासत गेलं की थर एकाबाहेर एक कड्यांसारखे दिसू लागतात. पेपर ओलाच हवा, कारण जुन्या रंगात शिसं असतं आणि त्याची कोरडी धूळ छातीत जाणं वाईट.

दुरुस्तीचं तंत्र त्या मानाने साधं आहे, त्याला चिकाटी लागते. अडकलेल्या पिस्टनवर तेल ओतून दिवसचे दिवस वाट बघायची, हातोडा घ्यायचा नाही. गंजलेला भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून बॅटरी चार्जरचं ऋण टोक त्याला लावलं, धन टोक दुसऱ्या भंगार लोखंडाला, की गंज सुटतो आणि खालचं चांगलं लोखंड खाल्लं जात नाही. रुळाच्या पात्यांना घासायची पेस्ट लावून रूळ उलटा फिरवला की खालच्या स्थिर पात्याशी त्यांची धार जुळते, कात्रीची दोन पाती जुळावीत तशी. इतपत झालं की यंत्र गवत कापतं. रंगाचं मात्र तसं नाही.

जॉन डिअरने १९६९ साली एक प्रयोग केला. बागेतले ट्रॅक्टर शहरी घरांत शोभावेत म्हणून पांढऱ्या अंगावर लाल, नारिंगी, पिवळं किंवा निळं बॉनेट आणि तशाच रंगाचं आसन द्यायला सुरुवात केली. लोकांना हिरवाच हवा होता. १९७१नंतर हा प्रकार बंद पडला आणि न खपलेल्या कित्येक गाड्यांना विक्रेत्यांनी हिरवा रंग मारला, असं संग्राहक सांगतात. आज तेच लाल-निळे ट्रॅक्टर दुर्मीळ म्हणून शोधले जातात. कुणाला हिरव्याच्या खाली निळा सापडला की तो आनंदाने वरचा हिरवा खरवडून काढतो. मला तिथे थांबावंसं वाटतं. निळा रंग कारखान्याच्या आशेचा आहे, कबूल. पण वरचा हिरवा रंगही कुणीतरी फार अडचणीच्या दिवशी, माल खपत नाही म्हणून, दुकानाच्या मागच्या अंगणात मारलेला आहे. ट्रॅक्टर दोन-तीन वर्षं निळा होता आणि पुढे पन्नास वर्षं हिरवा. त्यातलं खरं कुठलं?

आपल्याकडे यासाठी जीर्णोद्धार हा शब्द आहे आणि त्याच्या नावाखाली काय चालतं हेही आपण पाहतो. काळ्या पाषाणाच्या देवळांना ऑइल पेंट लागतो, आमच्या बाजूच्या दर्ग्यांना हिरवा डिस्टेंपर आणि बाथरूमच्या टाइल्स. दोन्हीकडे श्रद्धा खरी असते, म्हणून बोलणं अवघड होतं. ताजमहालाची बाग घ्या. तिथे बैलजोडीने ओढायचं लॉनमोअर फिरताना अनेक छायाचित्रांत दिसतं, आणि पाहणाऱ्याला वाटतं, किती जुनं दृश्य. पण मुघलांच्या चारबागेत झाडं होती, फुलांचे वाफे होते. ही सपाट हिरवळ कर्झनच्या काळातली, १८९९ ते १९०५च्या दरम्यानची. झाडांची दाटी कमी करून, इंग्रजी बागेसारखी मोकळी करून, त्यालाच जीर्णोद्धार म्हटलं गेलं. हिरवळ आली तेव्हा ती कापायला यंत्र लागलं.

या सगळ्यात मी पडलो तो माझ्या चाचांमुळे. आमच्या कोकणातले पुष्कळ लोक बोटींवर गेले आणि १९५०-६०च्या दशकांत इंग्लंडमध्ये स्थिरावले. चाचा बर्मिंगहॅमला एका कारखान्यात लेथवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एका बंद पडलेल्या क्रिकेट क्लबच्या शेडमधून जुनं अॅटको आणलं, मागच्या सुट्या आसनासकट, आणि त्याची एक वही ठेवली. वही मराठीत, आकडे इंग्रजीत. यंत्राचे आटे व्हिटवर्थचे, आसनाच्या जोडाचे नंतरचे, म्हणजे आसन दुसऱ्या यंत्राचं, असं त्यांनी त्यात काढलं होतं. पायफळीची उजवी बाजू जास्त झिजलेली. आसनाचं पत्र्याचं बूड मधोमध चिरलेलं आणि खालून लोखंडी पट्टी ठोकून सांधलेलं. त्यापुढे लिहिलं होतं, ‘चार रिव्हेट. एकसारखे नाहीत. मैदानावरच्या माणसाचं काम.’

चाचा चार वर्षांपूर्वी गेले. यंत्र तेव्हा चालू झालं होतं, पण रंग तसाच होता, तीन थरांचा, पोपडे धरलेला. त्यांच्या मुलाला ते विकायचं होतं. घर लहान, शेडचं छप्पर गळकं, त्यात त्याची चूक काही नव्हती. गिऱ्हाईकही आलं होतं, पण अट घालून: कारखान्यातून निघालं तेव्हाचा हिरवा रंग हवा, आणि आसन नवं किंवा निदान न सांधलेलं. मुलाने मला फोन केला. म्हणाला, तुम्ही कविता लिहिता, तुम्हाला वही वाचता येते, मला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. मी त्याला दोन रात्री फोनवर वही वाचून दाखवली. आणि माझं मत विचारलंस तर सांगतो म्हणालो, रंग हवा तर दे, पुढे पुन्हा निघू शकतो. पट्टी काढू नको. ज्याने दिवसभर त्या आसनावर बसून दुसऱ्यांच्या खेळासाठी गवत कापलं त्याचं नाव कुठल्याही पट्टीवर ओतलेलं नाही. त्याच्या हाताचं तेवढंच उरलं आहे.

तो म्हणाला, याने किंमत निम्मी होईल. मी म्हणालो, होईल.

गिऱ्हाईक गेलं. दुसरं अजून आलेलं नाही. मागच्या महिन्यात मुलाने आसन उलटं करून पट्टीला तेल लावलं आणि मोबाइलवर फोटो पाठवला. वहीत चाचांनी लिहिलं होतं म्हणून मी रिव्हेट मोजले. चार वेडेवाकडे आणि पाचवा, कडेला, नीट गोल डोक्याचा, लेथवरच्या माणसाने मारावा तसा.