मेणबत्तीचे ज्वलन

मेणबत्तीत जळते ती मेणाची वाफ. घन मेण नव्हे. पॅराफिनचे मेण म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या लांब साखळ्यांचे मिश्रण. ते ज्योतीच्या उष्णतेने वितळते, केशाकर्षणाने वातीत चढते आणि तिथे वाफ बनते. नुकत्याच विझलेल्या मेणबत्तीच्या पांढऱ्या धुराला पेटती काडी लावावी: ज्योत धुरावरून धावत वातीपर्यंत पोहोचते!

ज्योतीच्या आत प्राणवायू तुटपुंजा असतो. तिथे साखळ्या तुटून काजळीचे सूक्ष्म कण तयार होतात आणि तापून पिवळे चमकतात. हाच मेणबत्तीचा उजेड. कडेला ते जळून जातात. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ उरते.

मायकेल फॅरेडे यांनी १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांना हे प्रयोगांतून दाखवले. ज्योतीवर गार भांडे धरून त्यांनी थेंब जमवले. त्यांत टाकताच पोटॅशियम पेटले आणि ते थेंब पाण्याचेच असल्याचे मुलांसमोर सिद्ध झाले.