कर्णा गेला आणि अँप्लिफायर आला

घरांतल्या स्टिरिओला तबकडी वाजविण्याचें यंत्र जोडावें, अशी हौस अलीकडे पुन्हा पुष्कळांना झालेली दिसते. यंत्र येतें, तारा जोडल्या जातात, तबकडी फिरूं लागते. आणि लाऊडस्पीकरमधून येणारा आवाज मात्र कोपऱ्यांत कोणी कुजबुजत असावें असा! खर्जाचा पत्ता नाहीं, तार सप्तक तेवढें किरकिरतें. मग दुकानदाराला बोल लावला जातो. या घोटाळ्याचें मूळ मात्र शंभर वर्षें जुनें आहे.

एमिल बर्लिनर यानें १८८७ सालीं ग्रामोफोनचें पेटंट मिळविलें, तेव्हां त्या यंत्रांत विजेचा संबंधच नव्हता. गायकानें कर्ण्यांत तोंड घालून गावें, त्या जोरानें पडदा हालावा आणि पडद्याच्या सुईनें चरी कोरावी. ऐकतांना हाच व्यवहार उलट. मिरजेशीं ज्यांचें नांव कायमचें जोडलें गेलें त्या अब्दुल करीमखाँसाहेबांच्या १९०५ च्या सुमाराच्या तबकड्या अशाच कर्ण्यासमोर गाइलेल्या आहेत. त्यांच्या १९३० नंतरच्या तबकड्यांसमोर मात्र मायक्रोफोन होता. मध्यंतरीं, १९२५ सालीं, अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिकची विद्युत्-ध्वनिलेखनाची पद्धति बाजारांत आली होती. एकाच गायकाच्या दोन काळच्या या तबकड्या शेजारीं ठेवून ऐकाव्या. इतिहासाचीं दहा पानें वाचण्याचे श्रम वांचतात.

विजेनें खर्ज पकडला आणि तेथेंच अडचण उभी राहिली. खर्जाचा स्वर जसाच्या तसा कोरावयाचा तर सुई इतकी रुंद झोके घेते कीं एक चरी शेजारच्या चरींत घुसावी. म्हणून कोरतांना खर्ज मुद्दाम दाबावयाचा, आणि वाजवितांना अँप्लिफायरनें तो पुन्हा उचलावयाचा. पुढें तार स्वरांच्या बाबतींत उलट युक्ति झाली: कोरतांना ते वाढवावयाचे व वाजवितांना उतरवावयाचे, म्हणजे त्यांबरोबर तबकडीची खरखरही उतरते. सारांश, तबकडींत असतें तें गाणें सरळ नव्हे, तर ठरवून वांकडें केलेलें असतें.

परंतु किती वांकडें? येथें प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा. कोणी २५० आवर्तनांच्या खालचा नाद दाबी, तर कोणी ५०० च्या. १९४७ सालीं विल्यमसन यानें ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकांत आपल्या १५ वॉटच्या अँप्लिफायरची रचना प्रसिद्ध केली, आणि हौशी लोकांना निर्दोष आवाज घरीं बनवितां येऊं लागला. तरी हा तबकडीचा हिशेब ज्याचा त्यानेंच सोडवावयाचा होता. अखेर १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघानें एकच प्रमाण ठरविलें, आणि आर.आय.ए.ए. या त्याच्या आद्याक्षरांनीं तें जगभर रूढ झालें. त्यांत १००० आवर्तनांच्या मानानें २० आवर्तनांचा नाद वाजवितांना सुमारें दसपट उचलावा लागतो आणि २०,००० आवर्तनांचा दशांशावर आणावा लागतो.

अँप्लिफायरच्या पाठीवर ‘फोनो’ असें लिहिलेली जी खोबण असते, तिच्यामागें हेंच सारें काम चालतें. शिवाय चुंबकाच्या पिकअपमधून निघणारी वीज अवघी पांच मिलिव्होल्टच्या आसपास, तर कॉम्पॅक्ट डिस्कच्या यंत्राची दोन व्होल्टपर्यंत! १९८२ सालीं ही डिस्क बाजारांत आल्यावर पुष्कळ कारखानदारांनीं काटकसरीसाठीं फोनोची खोबण गाळली. आजची कुजबुज तेथून सुरू होते.

म्हणून अँप्लिफायर घेतांना वॉटचे आंकडे घोकूं नयेत. वॉट दुप्पट झाले तरी आवाज अवघा तीन डेसिबेलनें चढतो. फोनोची सोय आहे काय, हें आधीं विचारावें. नसेल तर तेंच काम करणारी निराळी पेटी मिळते. कांहीं यंत्रांच्या पोटांतच ती बसविलेली असते. अशा यंत्राची तार पुन्हा फोनोच्या खोबणींत घातली, तर आवाज फाटून कानठळ्या बसतात. आणि यंत्राबरोबर आलेली बारीक अर्थिंगची तार, जी बहुतेक लोक अडगळींत टाकतात, ती अँप्लिफायरच्या स्क्रूला जोडावी. न जोडल्यास गाण्याखालीं अखंड घूं घूं ऐकूं येत राहते.

राहतां राहिला प्रश्न कपाटांतल्या आजोबांच्या लाखेच्या तबकड्यांचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या या तबकड्यांची चरी रुंद; तिला एका इंचाच्या तीन सहस्रांशाएवढें टोंक लागतें. एल.पी.ची सुई त्याच्या तिसऱ्या हिश्शाची किंवा त्याहूनही लहान. ती चरीच्या तळाशीं घसरत जाऊन गाळ तेवढा वाजविते. जुनें लोखंडी टोंक तर दर बाजूला बदलावें लागे, आणि त्याच्या साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमच्याही वर. तशा यंत्रावर दुर्मिळ तबकडी ठेवणें म्हणजे ती खरवडणेंच. त्यांतून १९५४ चें प्रमाण या तबकड्यांना लागू नाहीं. नव्या फोनोच्या खोबणींतून बालगंधर्वांचें पद ऐकलें तर तार स्वर नाहक उतरतात आणि आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा वाटतो. ज्याच्या घरीं असा सांठा आहे, त्यानें खर्जाचें व तारेचें प्रमाण हातानें बदलतां येईल अशी पेटी घ्यावी, ७८ ची सुई निराळी ठेवावी, आणि प्रत्येक तबकडीसाठीं बटण फिरवीत कानानें ठिकाण शोधावें. पहिल्या दिवशीं एखादी तबकडी लागायला अर्धा तास जाईल.