शिकणाऱ्याच्या ताटाची कुळकथा

हरसूलचं पोरगं बारावी होऊन नाशिकला निघालं की घरचे कॉलेजचं नाव मागाहून विचारतात. आधी विचारतात, “जेवायचं कुठं?” शहरात वाढलेल्याला हा प्रश्न भाबडा वाटेल. पण विद्येसाठी घर सोडलेल्या माणसांचा सगळा इतिहास या एका प्रश्नावर बेतता येतो. मोठ्या विद्यायात्रांची वर्णनं आपण वाचतो तेव्हा त्यांत गुरू भेटतात, ग्रंथ भेटतात, समुद्र आणि घाट भेटतात. त्या दिवशी पानात काय पडलं आणि ते कुणी वाढलं, हे मात्र दोन ओळींत उरकलेलं असतं. या लेखात त्या दोन ओळींचाच माग काढायचा आहे.

हरसूलहून वाघेरा घाट ओलांडून गिरणाऱ्यामार्गे गंगापूर रस्त्याला लागलं की नाशिकच्या अलीकडे गोवर्धन हे गाव येतं. आज एसटी तिथे फारशी रेंगाळत नाही, पण सुमारे १९०० वर्षांपूर्वी हा सारा मुलूख गोवर्धनच्या नावाने ओळखला जाई. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने पांडवलेण्यात जे लेख कोरवले, त्यांत त्याने हिशेब दिला आहे, आणि तो आजच्या लेखापरीक्षकालाही पटेल इतका चोख आहे. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे त्याने २००० कार्षापण नाणी ठेवली, दरमहा शेकडा १ व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. वर्षाचं व्याज होतं २४०. लेण्यात वर्षावास करणारे भिक्षू २०, म्हणजे प्रत्येकाला चिवरासाठी १२ कार्षापणं. आणखी १००० कार्षापणं दुसऱ्या एका श्रेणीकडे, किरकोळ खर्चासाठी, पाऊण टक्क्याने.

पण जेवणाची सोय त्याने अशी लावली नाही. जेवणासाठी त्याने एका ब्राह्मणाकडून ४००० कार्षापणांना शेत विकत घेतलं आणि ते लेण्याला दिलं. आपल्या लेण्यात राहणाऱ्या, चारी दिशांहून आलेल्या भिक्षूंना भेद न करता या शेतातून मुखाहार मिळावा, असं लेख सांगतो. कपड्याला रोकड आणि तोंडाला शेत. वर्षावास म्हणजे पावसाळ्याचे महिने एका जागी राहून पठण आणि चर्चा करण्याचा काळ. तेव्हा ही आपल्या भागातली शिकणाऱ्यांसाठीची सर्वांत जुनी नोंदलेली खानावळ म्हणायला हरकत नाही. रोख आणि धान्य यांतला हा भेद पुढे उपयोगी पडेल, म्हणून लक्षात असू द्यावा.

चारी दिशांहून येणाऱ्यांत पुढच्या शतकांत चिनी विद्यार्थीही आले. सातव्या शतकात ह्युएनत्संग नालंदेत शिकला. त्याला रोज काय मिळे, याची यादी त्याच्या चरित्रकाराने देऊन ठेवली आहे: १२० जंबीर फळं, २० सुपाऱ्या, २० जायफळं, थोडा कापूर आणि महाशाली तांदळाचं एक माप. हा तांदूळ काळ्या घेवड्याच्या दाण्याएवढा मोठा असे आणि मगधातच पिके. विद्यापीठाला राजाने सुमारे १०० गावांचं उत्पन्न लावून दिलं होतं. त्या गावांतली २०० घरं रोज तांदूळ, लोणी, दूध पोचवत. विद्यार्थ्यांना कुठे काही मागावं लागत नाही, म्हणूनच त्यांची विद्या पुरी होते, हे निरीक्षणही त्याच चरित्रात आहे. हाच ह्युएनत्संग पुढे पुलकेशीच्या महाराष्ट्रात आला. त्याने वर्णिलेली राजधानी नाशिकच असावी, असं काही अभ्यासकांनी मांडलं आहे.

त्याच्यामागून निघालेला इत्सिंग खराखुरा समुद्रमार्गी विद्यार्थी. इ.स. ६७१ मध्ये तो ग्वांगझौहून एका इराणी व्यापाऱ्याच्या गलबतावर चढला. आधी सुमात्रातल्या श्रीविजयात सहा महिने संस्कृत व्याकरण शिकला, मग नालंदेत दहा वर्षं राहिला. पुढे येणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांना त्याचा सल्ला होता, की आधी श्रीविजयात एखाददोन वर्षं तयारी करा आणि मगच भारतात जा. त्याच्या ग्रंथात तत्त्वज्ञानापेक्षा जेवणाची शिस्त जास्त रंगते: भिक्षू जेवायला बसताना हातपाय धुतात, वीतभर उंचीच्या वेगवेगळ्या वेताच्या बैठकांवर बसतात, एकमेकांना शिवत नाहीत, उष्टं आणि शुद्ध यांचा घोळ होऊ देत नाहीत. परदेशी शिकायला गेलेल्याच्या डोळ्यांत पहिल्यांदा भरतं ते पंगतीचं वळण, हे तेव्हाही खरंच होतं.

आपल्याकडे मध्यंतरी ही व्यवस्था घरोघर पसरली. माधुकरी मागायची किंवा वार लावून जेवायचं. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असं सात घरं जमली की आठवडा भागला. पुण्यात असंख्य मुलं अशी शिकली, आणि वाराच्या जेवणाविषयी मराठीत बरंच हळवं लिहून झालं आहे. त्या हळवेपणात एक गोष्ट झाकली जाते. वार मिळायचे ते ठरावीक जातींच्या मुलांनाच. हरसूल-पेठच्या कोकणा, वारली, महादेव कोळी मुलासाठी त्या आठवड्यात एकही वार नव्हता.

समुद्र ओलांडण्याची जी बंदी आपण धर्मशास्त्रात शोधतो, तिचं निम्मं मूळ स्वयंपाकघरात होतं. परक्याच्या हातचं खाल्लं की बाटलं. रघुनाथराव पेशव्याचा वकील हणमंतराव १७८१ साली इंग्लंडमध्ये होता. खासदार एडमंड बर्कने त्याला आपल्या घराशेजारचं काचघर मोकळं करून दिलं, ते तिथे त्याला आपलं आपण रांधता यावं म्हणून. शंभर वर्षांनी, १८८३च्या एप्रिलमध्ये आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या तेव्हाही अडचण तीच होती. शाकाहार सोडायचा नाही, साडी सोडायची नाही, आणि थंडी फिलाडेल्फियाची. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी पुण्यात गेल्या. क्षयाचा दोष ताटावर ढकलता येणार नाही, पण परदेशातल्या त्या वर्षांत पुरेसं आणि मानवेल असं अन्न त्यांना मिळालं नाही, हेही खरं.

आशियाभर हिंडून शिकलेला मराठी विद्यार्थी म्हणून एकच नाव घ्यायचं झालं तर मी धर्मानंद कोसंबींचं घेईन. जन्म १८७६चा, गोव्यातल्या सांखवाळचा. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचा असं या माणसाने ठरवलं. १८९९च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून ते निघाले. पुण्यात डॉ. भांडारकरांना भेटले, पुढे ग्वाल्हेर, मग काशी. संस्कृत शिकल्याशिवाय पुढचं दार उघडणार नव्हतं, आणि काशीत गरीब विद्यार्थ्याला जेवायचं ठिकाण एकच, अन्नछत्र. तिथेही दारात जात आणि पोटजात विचारली जाई. कोसंबी सारस्वत, त्यांची वाट काही सोपी नव्हती.

१९०२च्या सुरुवातीला ते एका नेपाळी सहाध्यायाबरोबर काठमांडूला गेले. बुद्धाच्या मुलखात बुद्धाचा धर्म जिवंत सापडेल ही आशा होती, ती तिथे मोडली. मग बोधगया, तिथून कलकत्ता, आणि त्याच वर्षी कोलंबो. हिक्कडुवे सुमंगल महाथेरांनी १८७३ साली स्थापन केलेल्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यालयात, त्यांनी पाली शिकायला घेतली आणि श्रामणेर झाले. सिंहली आणि ब्रह्मी पद्धतीत विद्यार्थ्याच्या जेवणाचा प्रश्न समाजाने केव्हाच सोडवला होता. शिकणारा चीवर नेसतो, सकाळी पात्र घेऊन निघतो, गाव त्यात वाढतं. नियम एवढाच, की मध्यान्हीनंतर अन्न घ्यायचं नाही. मला यात काशीच्या अन्नछत्रापेक्षा मोठी गोष्ट दिसते. वाढणारी बाई पात्र धरणाऱ्याचं गोत्र विचारत नाही, आणि त्याला उपकृतही मानत नाही. दान घेतल्याबद्दल तीच त्याची ऋणी.

पुढे मद्रास, मग ब्रह्मदेश. तिथे काही काळ न्यानतिलोक या जर्मन भिक्षूची सोबत होती. एक गोव्याचा आणि एक जर्मनीचा, दोघेही पालीचे विद्यार्थी, ब्रह्मी गावाने घातलेल्या भातावर सागाइंगच्या टेकड्यांत ध्यानाला बसलेले. खर्च शून्य. शुल्क नाही, शिष्यवृत्ती नाही, परतीचं तिकीट नाही. यानंतर वीसएक वर्षांनी, १९२६ साली, ‘रिंडाम’ नावाचं जहाज सुमारे ५०० अमेरिकी विद्यार्थ्यांना घेऊन जगाच्या फेरीवर निघालं, आशियाची बंदरं दाखवत. तरंगतं विद्यापीठच ते. वर्ग जहाजावर आणि जेवणही जहाजावरच्याच भोजनगृहात. त्या विद्यार्थ्यांनी आशिया पाहिला असेल, पण ते आशियाच्या हातचं फारसं जेवले नसणार. कोसंबींना पाली आली ती ज्या गावांनी त्यांना वाढलं त्यांच्या मुक्कामात.

१९०६ साली ते कलकत्त्यात पाली शिकवू लागले. इथे सयाजीराव गायकवाड येतात. महाराष्ट्रात राहून काम करा आणि बडोदे सरकारसाठी वर्षाला एक पुस्तक लिहा, तीन वर्षं दरमहा ५० रुपये देतो, अशी ती बोली होती. कलकत्त्यातली अधिक पगाराची नोकरी सोडून कोसंबींनी हे ५० रुपये घेतले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे १९१० सालचं पुस्तक त्याच काळातलं. त्याच वर्षी ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संशोधित आवृत्तीसाठी ते हार्वर्डला गेले, आणि परत आल्यावर १९१२ पासून फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले. पां. वा. बापट, चिं. वै. राजवाडे ही त्यांची शिष्यमंडळी. पाली महाराष्ट्रात पुन्हा रुजली ती अशी, कोलंबोच्या भातावरून पुण्याच्या वर्गात.

त्याच सयाजीरावांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कला पाठवलं: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं, बदल्यात बडोद्याची दहा वर्षांची नोकरी. एका दात्याच्या दोन अटी. विद्यार्थ्याचं ताट इथे करारनाम्यावर आलं, आणि परदेशी शिष्यवृत्तीच्या आजच्या कागदपत्रांत हमीपत्राची जी पानं असतात, ती याच जातीची आहेत.

घराजवळ ही परंपरा वसतिगृहांनी पुढे नेली. १९०१ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उघडलं. भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, गावोगावहून मूठ-मूठ धान्य जमवलं, आणि कोठी रिकामी झाली त्या दिवशी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. वार लावण्याच्या रीतीला हे खरं उत्तर होतं: एका मुलासाठी सात घरांत वाटलेलं दान जाऊन एका चुलीवरचं सगळ्यांचं जेवण आलं. ठक्कर बाप्पांनी १९२२ साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढून तेच आदिवासी भागात नेलं. नाशिकचं डांग सेवा मंडळ १९३७चं, दादासाहेब बिडकरांचं. पेठ-हरसूलच्या पट्ट्यातली कितीतरी माणसं पहिल्यांदा घराबाहेर जेवली ती आश्रमशाळेच्या पंगतीत. घरी नागलीची भाकर आणि उडदाचं बेसन, इथे पोळी आणि वरणभात. पहिले आठ दिवस पोरं रडत ती बहुधा या पोळीपायी.

आता ताटाची जागा बँक खात्याने घेतली आहे. २०१६ साली ‘स्वयं’ योजना आली: वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्याला शहरात राहण्यासाठी थेट पैसे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत तेव्हा वर्षाला ६०,००० रुपये, त्यांतले ३२,००० जेवणाचे. जागा अपुऱ्या असताना ही सोय बरी होती. पण २०१८ साली ज्या वसतिगृहांत मेस होती तिथली मेसही बंद करून तिचे पैसे खात्यात देण्याचं ठरलं, आणि त्या जुलैत आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले. सिन्नर तालुक्यातल्या नांदूर शिंगोट्याला पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं. अर्ध्या बातम्यांना यात कळेना, की पैसे मिळत असताना ही पोरं भांडतात कशाला. उत्तर गोवर्धनच्या हिशेबात आहे. चीवर चार महिने उशिरा घेतलं तर चालतं. जेवण चार दिवस उशिरा आलेलं चालत नाही. हप्ता थकला की मेसवाला उधारी बंद करतो, आणि घरून मागवावं तर घरी पीक निघेपर्यंत रोख नसते. वर पैसा खात्यात आला की त्याला घराच्या इतर गरजाही दिसतात. कपडे-पुस्तकांचे पैसे खात्यात द्यावेत, जेवण मात्र जेवण म्हणूनच द्यावं, हा त्या मुलांचा आग्रह बरोबर होता, असं माझं मत आहे.

अनुसूचित जमातींच्या मुलांसाठी केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती आहे, राज्याचीही आहे. केंद्राच्या योजनेत देशभरातून वर्षाला २० जागा. हरसूल-पेठ भागातून जी मुलं यापुढे तो अर्ज भरतील त्यांना एवढंच सांगायचं आहे: विद्यापीठाचं नाव लिहून झालं की निर्वाहभत्त्याचं कलम नीट वाचा, पहिला हप्ता परदेशात पोचल्यावर किती दिवसांनी हातात पडतो ते लेखी विचारा, आणि तेवढ्या दिवसांच्या जेवणाची सोय इथून निघण्याआधीच करून ठेवा.