सिक्कीममधील सेंद्रिय शेतजमीन

पूर्व हिमालयातील सिक्कीम हे भारताचे पहिले पूर्ण सेंद्रिय राज्य. तेथील सुमारे ७५,००० हेक्टर शेतजमीन जानेवारी २०१६ मध्ये सेंद्रिय म्हणून जाहीर झाली.

तत्कालीन मुख्यमंत्री पवनकुमार चामलिंग यांनी २००३ मध्ये राज्य पूर्ण सेंद्रिय करण्याचा संकल्प सोडला. रासायनिक खतांवरचे अनुदान टप्प्याटप्प्याने बंद झाले. २०१० पासून जमिनीच्या प्रमाणीकरणाला वेग आला. डोंगरउतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत रसायने मुळातच कमी वापरली जात. सपाटीवरच्या राज्यांशी तुलना करताना हे ध्यानात ठेवायलाच हवे.

मोठ्या वेलचीचे मळे रसायनांच्या अशा कमी वापराचे उत्तम उदाहरण. उतिसाच्या झाडांच्या सावलीत वेलचीची बेटे वाढतात, झाडांच्या मुळांवरच्या गाठी हवेतले नत्र जमिनीत स्थिर करतात आणि गळलेला पाला तिथेच कुजून खत होतो.

शेती सेंद्रिय झाली असली, तरी तांदूळ मात्र राज्याला बाहेरून आणावा लागतो.