बायोडेटा की चौकशी? गूगलच्या पहिल्या पानाचा तीस वर्षांचा इतिहास

आजच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. लोकलच्या गर्दीत ज्यांना हेडफोन लावता येत नाही, त्यांच्यासाठी खास.

"वेबसाइट केली, पण गूगलवर दिसतच नाही. वर कशी आणू?" हा प्रश्न आपल्याकडे सतत येतो. उत्तर म्हणून दहा टिप्सची यादी देता आली असती. पण अशा याद्यांमधल्या निम्म्या टिप्स केव्हाच जुन्या झालेल्या असतात आणि नवशिक्याला ते कळायला मार्ग नसतो. म्हणून आज इतिहास. कोणती युक्ती कधी चालली आणि का बंद पडली हे एकदा कळलं, की "पहिल्या पानावर आणून देतो" म्हणणारा माणूस नक्की काय विकतोय, ते तुमचं तुम्हालाच ओळखता येईल.

एक मजेशीर गोष्ट आधी सांगतो. नोव्हेंबर १९९७. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन नावाची दोन पीएचडीची पोरं संशोधन करत होती. त्यांनी पुढच्या वर्षी छापलेल्या पेपरमध्ये एक नोंद आहे: त्या काळच्या चार मोठ्या सर्च इंजिनांपैकी फक्त एकाला स्वतःचंच नाव शोधल्यावर पहिल्या दहा रिझल्टमध्ये स्वतःचं पान सापडत होतं. बाकी तिघांना स्वतःचाच पत्ता नाही! अशी वेळ का आली होती? त्यासाठी अजून थोडं मागे जाऊ.

आधी यादी, मग शोध

१९९० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज या विद्यार्थ्याने आर्ची नावाचा प्रोग्रॅम लिहिला. वेब अजून लोकांपर्यंत पोचायचं होतं. आर्ची फक्त सर्व्हरवरच्या फायलींची नावं शोधायचा, आतलं काही वाचायचा नाही. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी आवडत्या साइट्सची यादी करायला घेतली आणि त्याच वर्षी तिचं नाव याहू ठेवलं. याहूच्या डिरेक्टरीत माणसं साइट बघून तिला योग्य त्या खान्यात टाकायची. खान्यातली नावं साधारण अकारविल्हे लागायची. त्यामुळे वर यायची पहिली युक्ती अगदी टेलिफोन डिरेक्टरीतल्यासारखी होती: नावच इंग्रजी 'ए'पासून सुरू होईल असं ठेवायचं.

पण साइट्स इतक्या वेगाने वाढल्या, की माणसांनी वाचून संपेनात. १५ डिसेंबर १९९५ ला अल्टाव्हिस्टा सुरू झालं. हे सर्च इंजिन पानाचा सगळा मजकूर वाचायचं आणि फटकन उत्तर द्यायचं. लोक खूश. मात्र इथेच खरा प्रश्न उभा राहिला. एकाच शब्दाची लाखभर पानं सापडली, तर वर कोणाला ठेवायचं?

बायोडेटावर विश्वास

त्या काळच्या मशीनचा हिशोब मुख्यतः पानावर काय लिहिलंय यावर चालायचा. शब्द किती वेळा आला, शीर्षकात आहे का, 'मेटा कीवर्ड' नावाच्या लपलेल्या ओळीत मालकाने काय लिहिलंय, वगैरे.

आता स्थळं बघण्याचं उदाहरण घ्या. बायोडेटात मुलगा कसा असतो? निर्व्यसनी, मनमिळाऊ, उच्चशिक्षित. असणारच, कारण बायोडेटा घरच्यांनीच लिहिलेला असतो. १९९५ ते १९९८ ची सर्च इंजिनं बायोडेटा वाचून लग्न ठरवत होती म्हणा ना!

मग लोकांनी बायोडेटा फुगवला. एकच शब्द शेकडो वेळा लिहायचा. वाचणाऱ्याला दिसू नये म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरात लिहायचा. माणसाला कोरी जागा दिसते, मशीनला मात्र शब्दच शब्द. यालाच पुढे कीवर्ड स्टफिंग म्हणायला लागले. अशा कचऱ्याखाली कामाची पानं दबून जायची.

इथे एक तारीख लक्षात ठेवा. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने जाहीरच करून टाकलं, की मेटा कीवर्डची ओळ आम्ही रँकिंगसाठी वापरत नाही. तरीही आज कोणी "मेटा कीवर्ड भरून देतो" म्हणून पैसे मागत असेल, तर तो तुम्हाला गेल्या शतकातला माल विकतोय.

मग चौकशी सुरू झाली

आपल्याकडे शहाणी माणसं काय करतात? बायोडेटा वाचतात आणि मग शेजारीपाजारी, ऑफिसात, नात्यागोत्यात चौकशी करतात. पेज आणि ब्रिन यांनी हेच केलं. एखाद्या पानाकडे दुसऱ्या पानावरून लिंक जाते, म्हणजे कोणीतरी त्याच्याबद्दल चांगला शब्द टाकलाय असं धरायचं.

कल्पना हवेतून आली नव्हती. कोणत्या शोधनिबंधाचा दाखला किती जणांनी दिला हे मोजायची पद्धत संशोधनाच्या जगात आधीपासून होती. यूजीन गारफिल्ड यांचा सायन्स सायटेशन इंडेक्स १९६४ पासून निघत होता. पेजरँकमध्ये खरी गंमत पुढच्या पायरीत होती. प्रत्येक लिंकचं वजन सारखं नाही. ज्या पानाला स्वतःला मान आहे, त्याच्या शब्दाला जास्त वजन. शिवाय ते पान जितक्या जास्त जणांना लिंक देईल, तितका प्रत्येकाचा वाटा कमी. गावातले जुने, मोजकं बोलणारे गुरुजी एखाद्याला "पोरगा चांगला आहे" म्हणाले, तर त्याला किंमत असते. येईल त्याला चांगलं म्हणणाऱ्याच्या शब्दाला नसते. झालं, हाच पेजरँक! उरलेलं गणित म्हणजे हा हिशोब आकडे स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा करत राहणं.

सप्टेंबर १९९८ मध्ये गूगल कंपनी स्थापन झाली आणि काही वर्षांतच बाकीची सर्च इंजिनं मागे पडली.

पढवलेले शेजारी

पण एकदा चौकशी होते हे कळल्यावर काय होणार? शेजाऱ्यांना पढवून ठेवायचं! लिंक विकत मिळायला लागल्या. एकमेकांना लिंक द्यायला म्हणून शेकडो खोट्या साइट्स उभ्या केल्या गेल्या. लोकांच्या ब्लॉगखाली कॉमेंटमध्ये लिंका टाकणाऱ्यांचा इतका सुळसुळाट झाला, की जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या एमएसएनने मिळून 'नोफॉलो' आणलं. लिंकवर ही खूण केली, की "ही शिफारस माझी नाही" असा अर्थ.

यात मोठे मोठे लोकही सापडले. फेब्रुवारी २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन वेबसाइट गूगलने रिझल्टमधून काढूनच टाकली. त्यांनी मशीनसाठी वेगळी पानं ठेवली होती. त्यांत 'जुनी गाडी' या अर्थाचा जर्मन शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला, आणि माणूस आला की त्याला भलत्याच पानावर ढकलायचं. ती पानं काढल्यावर काही दिवसांत साइट परत आली.

फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने अमेरिकेतल्या जेसी पेनी या दुकानसाखळीची भानगड बाहेर काढली. 'ड्रेस', 'बेडिंग' अशा अगदी साध्या शब्दांवर ही कंपनी ऐन खरेदीच्या मोसमात पहिल्या नंबरवर होती. कारण, काही संबंध नसलेल्या शेकडो साइट्सवरून तिच्याकडे हजारो लिंका येत होत्या. गूगलने हाताने कारवाई केली आणि कंपनी पहिल्या पानावरून घसरली. आम्ही या लिंका टाकायला सांगितलं नव्हतं, असं म्हणत कंपनीने आपल्या एसईओ एजन्सीला काढलं. इथे नवशिक्याने काय घ्यायचं? उद्योग एजन्सीचे असले, तरी शिक्षा साइटला होते. एजन्सी दुसरा क्लायंट शोधते, तुमचं दुकान तिथेच असतं.

त्याच महिन्यात पांडा नावाचा अपडेट आला. क्लिकसाठी पाडलेली उथळ पानं खाली ढकलणं हे त्याचं काम. अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के सर्चवर त्याचा परिणाम झाला. एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन आला, तो खोट्या लिंका आणि कीवर्ड स्टफिंगच्या मागे लागला. एप्रिल २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना मोबाइल सर्चमध्ये झुकतं माप मिळायला लागलं.

आपली मराठी कुठे होती?

हे सगळं चाललं होतं, तेव्हा बरीचशी मराठी पानं या शर्यतीत उतरलीच नव्हती. कारण ती मशीनला वाचताच येत नव्हती.

तेव्हाच्या अनेक मराठी साइट्स स्वतःचा फाँट वापरायच्या. फाँट म्हणजे नुसता मुखवटा, आत इंग्रजी अक्षरं. कृतिदेव फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द फायलीत कसा साठतो माहितीये? ई, जे, के, बी, एच, अशी पाच रोमन अक्षरं. स्क्रीनवर आपल्याला 'मराठी' दिसतं, सर्च इंजिनला अर्थहीन गिचमीड. आणि प्रत्येक फाँटची गिचमीड वेगळी! मजकूर कितीही सकस असो, शोधणाऱ्याच्या हाती शून्य.

यावरचा उपाय युनिकोड. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून त्यात देवनागरी होती, पण घरच्या कॉम्प्युटरवर ती यायला वेळ लागला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय झाली. त्यातला मंगल फाँट घडवला आपल्या र. कृ. जोशींनी. २००३ मध्ये मराठी विकिपीडिया सुरू झाला. मराठी साइट्स हळूहळू युनिकोडवर आल्या, आणि मगच मराठीत टाईप करून मराठीत काही सापडायला लागलं.

हा नुसता जुना इतिहास समजू नका. आज कितीतरी दुकानं आणि खानावळी आपला मेन्यू, दर, पत्ता सगळं एका सुंदर फोटोत टाकतात. माणसाला दिसतं, पण चित्रातला मजकूर मशीन पानाचा मजकूर म्हणून धरेलच याचा भरवसा नाही. मुखवटा बदललाय, अडचण तीच आहे.

मग तुम्ही करायचं काय?

समजा, तुमच्या घरच्यांचा गुहागरला होमस्टे आहे आणि साइट तुम्हीच सांभाळता.

पहिलं, मशीनला वाचता येऊ द्या. मजकूर युनिकोडमध्ये, फोटोबाहेर. गूगलच्या फुकट मिळणाऱ्या सर्च कन्सोलमध्ये साइट जोडा आणि साइटमॅप द्या. कोणती पानं गूगलने घेतली आणि कोणती घेतली नाहीत, ते तिथे दिसतं. मोबाइलवर पान पटकन उघडतंय ना, तेही बघा.

दुसरं, बायोडेटा खरा आणि नेमका लिहा. प्रत्येक पानाला स्वतःचं शीर्षक हवं. 'होम' किंवा 'स्वागत आहे' यातून कोणाला काय कळणार? 'गुहागर समुद्रकिनाऱ्याजवळ घरगुती जेवणासह होमस्टे' यातून सगळं कळतं. शब्द लोकांच्या तोंडचे वापरा. लोक 'निवासव्यवस्था' शोधत नाहीत, 'राहायची सोय', 'होमस्टे', 'रूम' शोधतात. खरे शब्द कोणते, हे सर्च कन्सोलच तुम्हाला दाखवतं.

तिसरं, चौकशीत टिकेल असं काही साइटवर ठेवा. चिपळूणहून एसटी कुठे मिळते, पावसात कोणता रस्ता टाळावा, जेट्टीवरून फेरीने पलीकडे कसं जायचं, हे स्वतःच्या माहितीने लिहिलंत, तर प्रवासावर लिहिणारा माणूस आपणहून लिंक देईल. अशी एक लिंक विकतच्या शंभरांपेक्षा बरी. आणि गूगल मॅप्सवर आपल्या व्यवसायाची नोंद करायला विसरू नका, ती फुकट आहे.

आता पैशाचं. गूगलवर कोणालाही स्वतःची जाहिरात स्वतः लावायची सोय ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली. पैसे भरून वर 'प्रायोजित' लिहिलेली जागा मिळते. खालच्या साध्या रिझल्टमधला नंबर जाहिरात देऊन वाढत नाही, असं गूगल स्वतः सांगतं. पहिल्या नंबरची खात्री कोणीच देऊ शकत नाही, हेही त्यांच्याच मार्गदर्शनात लिहिलंय. त्यामुळे "तीस दिवसांत नंबर वन, गॅरंटी" असा मेसेज आला, की एकच प्रश्न विचारा: तुम्ही माझा बायोडेटा सुधारणार आहात, की शेजारी पढवणार आहात? पहिलं काम तुम्ही स्वतः चार रविवारांत शिकाल. दुसऱ्याचं बिल पुढे कोणाच्या नावाने येतं, ते जेसी पेनीला विचारा.

फळ दिसायला काही आठवडे, कधी कधी महिने लागतात. तोवर रोज नंबर तपासत बसू नका. आज रात्री एवढंच करा: आपल्या साइटचं मुख्य पान मोबाइलवर उघडा आणि त्यावरचं प्रत्येक वाक्य बोट दाबून कॉपी होतंय का बघा. जे सहज कॉपी होत नाही, ते बहुतेक फोटोत अडकलंय. तिथून कामाला लागा.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि बायोडेटात खोटं लिहू नका!