दुधाची पिशवी, निळं पिंप आणि बुलेटप्रूफ जॅकेट: एकाच प्लास्टिकची तीन रूपं कशी?

रोज सकाळी येणारी दुधाची पिशवी, पाणी साठवायचं निळं पिंप आणि काही बुलेटप्रूफ जॅकेटमधले धागे. या तिन्हींत मुख्यतः एकच प्लास्टिक असतं, पॉलिथिन. मग एक दाताने फाटते आणि दुसरं गोळी अडवतं, असं का? याचं उत्तर रेणूंच्या साखळ्या कशा रचल्या आहेत, यात आहे.

सेमीक्रिस्टलाइन म्हणजे काय?

पॉलिथिनचा रेणू म्हणजे हजारो कार्बन अणूंची लांबलचक साखळी. प्लास्टिक वितळलेलं असताना या साखळ्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. थंड होताना त्यांचे काही भाग शिस्तीत शेजारी शेजारी लागतात आणि स्फटिक तयार होतात. पण गुंता पूर्ण सुटत नाही, त्यामुळे उरलेला भाग अस्ताव्यस्तच राहतो. अशा अर्धवट स्फटिकी रचनेला 'सेमीक्रिस्टलाइन' म्हणतात. स्फटिकी भाग कडकपणा देतो, तर अस्ताव्यस्त भाग लवचिकपणा.

साखळीच्या निऱ्या

१९५७ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठातल्या अँड्र्यू केलर यांनी पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्यासारख्या स्फटिकांचा अभ्यास केला. पापुद्र्याची जाडी होती साधारण १० नॅनोमीटर. साखळ्या त्यात उभ्या होत्या, पण त्यांची लांबी जाडीच्या कितीतरी पट होती. मग त्या मावल्या कशा? केलर यांचं उत्तर होतं, साडीच्या निऱ्यांसारखी साखळी मागे-पुढे घडी घालत बसते.

प्रत्यक्ष वस्तूंमध्ये असे असंख्य पापुद्रे असतात. काही साखळ्या एका पापुद्र्यातून निघून दुसऱ्यात शिरतात आणि त्यांना टाक्यासारख्या जोडून ठेवतात.

पिशवी मऊ, पिंप कडक का?

पिशवीच्या एलडीपीईमधल्या साखळ्यांना फांद्या असतात. फांद्या मध्ये आल्या की साखळ्या नीट चिकटून बसत नाहीत. स्फटिकी भाग कमी राहतो आणि प्लास्टिक साधारण ११० अंश सेल्सिअसलाच वितळतं.

पिंपाच्या एचडीपीईमधल्या साखळ्या जवळपास सरळ असतात. त्या दाटीने बसतात, म्हणून हे प्लास्टिक जास्त घट्ट असतं आणि १३० अंशांच्या आसपास वितळतं. अशा सरळ साखळ्या कमी दाबाखाली बनवण्याची पद्धत कार्ल झिगलर यांनी १९५३ मध्ये शोधली. १९६३ मध्ये त्यांना जुलिओ नात्ता यांच्यासोबत रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

गोळी अडवणारा धागा

जॅकेटसाठी अतिशय लांब साखळ्यांचं पॉलिथिन द्रावकात विरघळवतात. त्यामुळे गुंता कमी होतो. मग धागा काढून तो अनेक पट ताणतात. घड्या उलगडतात आणि साखळ्या धाग्याच्या दिशेने सरळ होतात. आता धागा तोडायचा तर कार्बनमधले मजबूत बंध तोडावे लागतात. तेवढ्याच वजनाच्या पोलादापेक्षा हा धागा कितीतरी पट ताकदवान असतो. मात्र उष्णता त्याला सोसत नाही, १५० अंशांच्या आसपास तो वितळतो.

घरी करून पाहा

पातळ प्लास्टिक पिशवीची पट्टी कापून हळूहळू ओढा. ती मध्ये अरुंद होत लांबते आणि मग अचानक ताठ होते. साखळ्या ओढीच्या दिशेने सरळ झाल्याची ही खूण.

हाच फरक रिसायकलिंगच्या चिन्हातही दिसतो. त्रिकोणात २ असेल तर एचडीपीई, ४ असेल तर एलडीपीई. रसायन एकच, पण रचना वेगळी म्हणून आकडेही वेगळे.